वारीनंतरची सूज व वाढलेले वजन : एक खुलासा



वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पत्रकांसोबत आरोग्य-प्रबोधनपर एक लेख देण्याची प्रथा आपल्या रुग्णालयाने पाळली आहे. यंदाचा विषय आम्हांस बाह्यरुग्ण विभागाच्या नोंदवहीने सुचविला. आषाढी एकादशी होऊन वारकरी मंडळी गावी परतली की पुढील पंधरवड्यात एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत नोंदली जाते. कोणी म्हणते पाय भरून आले, कोणी म्हणते अंगावर पाणी चढले, कोणी नुसतेच म्हणते की वजन वाढले. अडीचशे किलोमीटर चालून वजन घटावयास हवे, ते वाढले कसे, हा प्रश्न साधा दिसतो. तथापि त्याचे चुकीचे उत्तर मिळाल्यास काय होते हे आम्ही अहवाल वर्षात पाहिले आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रारंभीच नमूद करणे इष्ट की आम्ही वैद्यकीय व्यवसायातील नाही. वाणिज्य शाखेची पदवी व रुग्णालयाच्या प्रशासनातील सेवा एवढेच आमचे भांडवल. लेखातील वैद्यकीय भाग आपल्या औषधवैद्यक विभागातील डॉक्टरांनी वाचून दुरुस्त केला आहे. भाषेतील उणिवा मात्र सर्वस्वी आमच्या.

ज्या प्रसंगाने हा विषय ऐरणीवर आला तो असा. शेजारच्या तालुक्यातील एक शेतकरी भगिनी, वय साठीच्या आसपास, दरवर्षी पायी वारी करणाऱ्या. पंढरपूरहून एस.टी.ने परतल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांच्या दोन्ही घोट्यांवर सूज दिसू लागली. गावातील पिठाच्या गिरणीतील काट्यावर वजन केले, ते निघतानापेक्षा दोन किलोंनी अधिक भरले. घरच्यांनी काळजीपोटी औषधाच्या दुकानातून लघवी होण्याची गोळी आणली. चिठ्ठी नव्हती, तपासणी नव्हती. गोळीने गुण आला असे सर्वांस वाटले, कारण सूज उतरली व काटाही खाली आला. मग तीच गोळी आणखी पाच दिवस चालू राहिली. सहाव्या दिवशी पहाटे उठताना त्यांस घेरी आली, त्या अंगणात पडल्या व उजव्या मनगटाचे हाड मोडले. रुग्णालयात आणले तेव्हा रक्तदाब खाली गेलेला होता आणि रक्तातील पोटॅशियम चिंता वाटावी इतके कमी होते. आम्ही विचारपूस करण्यास वॉर्डात गेलो असता त्या म्हणाल्या, "साहेब, माउलीच्या वाटंवर एवढी चालले, काही झालं नाही. घरी येऊन पडले."

त्यांच्या अंगावर जे पाणी होते ते काही दिवसांत आपोआप उतरणारच होते. ही गोष्ट त्यांना कोणी वेळेवर सांगितली असती तर हात वाचला असता.

हे पाणी येते कोठून? दीर्घकाळ चालताना घामावाटे पाणी व मीठ दोन्ही जातात. शरीर ही तूट मुकाट्याने सोसत नाही. मूत्रपिंडातून रेनिन नावाचा पदार्थ रक्तात येतो, त्याच्या साखळीने मूत्रपिंडावरील लहानशा ग्रंथी अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक अधिक सोडतात, आणि मूत्रपिंडे मीठ बाहेर टाकण्याचे थांबवून ते परत रक्तात घेऊ लागतात. मिठाच्या मागे पाणी येते. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी व्हासोप्रेसिन सोडून लघवीचे प्रमाण आणखी कमी करते. वारीत ही तूट एका दिवसाची नसते. सलग अठरा-वीस दिवस रोज चालायचे, त्यात पुणे ते सासवड हा दिवेघाटाचा टप्पा तर तीस किलोमीटरांच्या घरातला. रोज तूट, रोज बचत. चालणे थांबल्यावर घाम थांबतो, परंतु शरीराची काटकसरीची सवय त्याच संध्याकाळी सुटत नाही. संस्थेची आर्थिक अडचण संपली तरी काटकसरीचे परिपत्रक मागे घ्यावयास काही काळ जातो, तसेच हे. त्या मधल्या दिवसांत आत येणारे पाणी व मीठ नेहमीचे, बाहेर जाणारे कमी, आणि शिल्लक काट्यावर दिसते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, इतका हा हिशेब सरळ आहे.

याचा अभ्यास फार पूर्वीच झाला आहे. १९८२ साली ब्रिटनमधील संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाच पुरुषांना सलग पाच दिवस डोंगराळ भागात कष्टाची चाल करावयास लावली, आहार ठरावीक दिला, पाणी मात्र इच्छेनुसार पिऊ दिले. पाच दिवसांअखेर त्यांच्या शरीरात मीठ साठून राहिले होते व रक्तातील द्रवभाग वाढला होता. हे सर्व निरोगी पुरुष होते. म्हणजे धडधाकट माणसाचे शरीरही असेच वागते, ते आजाराचे लक्षण असेलच असे नाही.

रक्तातील द्रवभाग वाढण्याचा एक परिणाम प्रयोगशाळेच्या अहवालात उमटतो. तांबड्या पेशी तेवढ्याच राहतात, पण त्या अधिक पाण्यात विखुरल्याने हिमोग्लोबिनचा आकडा प्रत्यक्षाहून कमी दिसतो. वारीहून आल्या आल्या रक्त तपासून घाबरू नये. मात्र आपल्या ग्रामीण भागातील स्त्रियांमध्ये खरोखरीचा रक्तक्षय इतका आढळतो की "हे वारीमुळे असेल" म्हणून तो कागद घडी घालून ठेवणेही योग्य नाही. दोन-तीन आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी.

पाण्याचा दुसरा मार्ग अन्नाशी निगडित आहे. आपण खातो त्या भात-भाकरीतील साखरेचा काही भाग शरीर ग्लायकोजेन या रूपात साठवून ठेवते. प्रौढ माणसाच्या स्नायूंत हा साठा सुमारे ४०० ते ५०० ग्रॅम व यकृतात सुमारे १०० ग्रॅम असतो. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्याबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. चालण्याने साठा खर्च होतो तेव्हा हे पाणीही सुटते, आणि वाटेत केलेल्या वजनात घट दिसते. घरी परतल्यावर विश्रांती मिळते, मावंद्याच्या जेवणात भात, पुरणपोळी, लापशी पोटभर होते, आणि साठा पुन्हा भरतो. ३०० ग्रॅम साठा भरला तर त्यासोबतचे पाणी धरून वजन सव्वा किलोच्या आसपास वाढते. यात मेद औषधालाही नाही. हा माल गोदामात परत आला आहे, एवढेच.

स्नायूंच्या दुखण्याचाही वाटा असतो. सवय नसलेल्या माणसाने फार चालल्यास, विशेषतः उतार उतरताना, स्नायूतंतूंना सूक्ष्म इजा होतात. त्या भरून काढण्यासाठी तेथे द्रव जमतो. हे दुखणे त्याच दिवशी नव्हे, तर एक ते तीन दिवसांत सर्वाधिक जाणवते. त्यावर परतीचा प्रवास! एस.टी.त किंवा ट्रकमध्ये पाय लोंबकळत ठेवून पाच-सात तास बसावे लागते. चालताना पोटरीचे स्नायू पंपाप्रमाणे रक्त वर ढकलतात; बसल्यावर तो पंप बंद पडतो आणि पाणी घोट्यांत उतरते. पायांची सूज वाटेत नव्हे तर घरी आल्यावर अनेकांच्या लक्षात येते, त्याचे हेही एक कारण.

आमच्या लेखा विभागातील एक सहकारी दिंडीसोबतच्या आपल्या फिरत्या वैद्यकीय पथकात होते व बहुतेक अंतर पायी चालले. त्यांनी स्वतःच्या वजनाची नोंद हिशेबनिसाला शोभेल अशी ठेवली. निघताना ६१.४ किलो, वाखरीच्या मुक्कामी ५९.८, परतल्यावर चौथ्या दिवशी ६३.१. हा आकडा पाहून गृहस्थांनी रात्रीचे जेवण सोडले! आम्ही त्यांना त्यांच्याच भाषेत समजावले. वाखरीपासून वाढ ३.३ किलो. एक किलो मेद अंगावर चढण्यासाठी गरजेपेक्षा सुमारे ७,७०० कॅलरी अधिक खाव्या लागतात. म्हणजे ३.३ किलोंसाठी २५,००० हून जास्त. माणसाची रोजची गरज २,२०० कॅलरी धरली तर नेहमीच्या जेवणाशिवाय आणखी अकरा दिवसांचे जेवण त्यांनी त्या थोड्या दिवसांत उरकावयास हवे होते. ते तसे भोजनभाऊ नाहीत, हे कार्यालयात सर्वांस ठाऊक आहे. अकराव्या दिवशी त्यांचे वजन ६०.२ भरले. मधल्या दोन-तीन दिवसांत लघवीस वरचेवर जावे लागले, ही नोंदही त्यांनी वहीत प्रामाणिकपणे केली आहे. वजनकाटा ही रोजची रोख शिल्लक सांगतो, नफा-तोटा पत्रक नव्हे, असे आम्ही त्यांना म्हणालो. ते त्यांस पटले व जेवण पूर्ववत सुरू झाले.

काट्याविषयीही थोडे सांगणे आवश्यक वाटते. गतवर्षी पथकासोबत दिलेला काटा पहिले दोन दिवस मातीच्या जमिनीवर ठेवला गेला व एकाच माणसाचे वजन दोन ठिकाणी दोन प्रकारे भरले. खाली सपाट फळी घातल्यावर ते थांबले. घरी वजन करणाऱ्यांनी काटा एकच वापरावा, फरशीवर ठेवावा, सकाळी शौचास जाऊन आल्यावर, न्याहारीपूर्वी, हलक्या कपड्यांत वजन करावे. गिरणीतील काट्यावरचे सायंकाळचे वजन व दवाखान्यातील सकाळचे वजन यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

वेदनाशामक गोळ्यांचा उल्लेख टाळता येत नाही. पाय दुखतात म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या वारीत सर्रास घेतल्या जातात. सेवाभावी मंडळी त्या मूठभर वाटतातही. या गोळ्या मूत्रपिंडांच्या रक्तपुरवठ्यावर परिणाम करून मीठ व पाणी अधिक अडवून धरतात, आणि शरीरात पाण्याची तूट असताना घेतल्यास मूत्रपिंडांना इजाही करू शकतात. रक्तदाबासाठी अम्लोडिपिन घेणाऱ्यांच्या घोट्यांवर त्या गोळीमुळेही सूज येते. ती गोळी स्वतःहून बंद करू नये, डॉक्टरांना दाखवावे.

आता याच विषयाची दुसरी बाजू, जी आम्हांस स्वतःला नवीन होती. श्रम संपल्यावर काही दिवसांत वजन वाढणे बहुधा निरुपद्रवी असते. पण श्रम चालू असतानाच वजन वाढणे ही धोक्याची खूण आहे. दक्षिण आफ्रिकेत डर्बन व पीटरमॅरित्झबर्ग या शहरांमध्ये कॉम्रेड्स मॅरेथॉन ही सुमारे नव्वद किलोमीटरांची शर्यत होते. तेथील संशोधकांनी १९८५ साली सात तासांहून अधिक चालणाऱ्या अशा स्पर्धांतील चार खेळाडूंची माहिती प्रसिद्ध केली. ते पाणी कमी पडल्याने नव्हे, तर अति पाणी प्यायल्याने अत्यवस्थ झाले होते. श्रमाच्या वेळी व्हासोप्रेसिनमुळे लघवी कमी होते, आणि वरून पाणी ओतत राहिले तर रक्तातील सोडियम पातळ होत जाते. मेंदूला सूज येते. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंचे रक्त शर्यतीअखेर तपासले असता १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी आढळले, आणि शर्यतीत ज्यांचे वजन वाढले होते त्यांच्यात हे प्रमाण विशेष होते. २००५ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. चार तासांहून अधिक वेळ घेणाऱ्या, म्हणजे सावकाश धावणाऱ्यांना हा धोका अधिक, असेही त्यात दिसले; त्यांना पाणी पिण्यास सवड जास्त मिळते.

वारीत जेवणखाण व मीठ चालू असते, गतीही निराळी असते, त्यामुळे तोच धोका त्याच प्रमाणात तेथे आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु आपल्या परिसरातील तरुण-तरुणी आता साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनला व जानेवारीतील मुंबई मॅरेथॉनला मोठ्या हौसेने जातात. "तहान नसली तरी पीत राहा" हा सल्ला त्यांना सर्वत्र मिळतो. तहानेप्रमाणे प्यावे, हा आजचा वैद्यकीय सल्ला आहे. दीर्घ श्रमात वा त्यानंतर लगेच मळमळ, उलट्या, डोके ठणकणे, बोलण्यात गोंधळ, झटके अशी लक्षणे दिसल्यास त्या व्यक्तीला आणखी पाणी पाजू नये. तातडीने रुग्णालयात न्यावे व तिने किती पाणी प्यायले ते डॉक्टरांना सांगावे. उष्माघातातही काही लक्षणे सारखी दिसतात, म्हणून निदान घरी करू नये.

वारीनंतरच्या साध्या सुजेसाठी फारसे काही करावे लागत नाही, आणि हेच लोकांना पटवणे अवघड जाते. काही न करण्याचे औषध रुग्णाला औषध वाटत नाही. पाय उशांवर उंच करून दिवसातून दोन-तीनदा अर्धा तास पडावे, घोटे गोल फिरवावेत, घरातल्या घरात चालावे, लोणचे-पापड काही दिवस आवरते घ्यावेत. पाणी तोडू नये. नडगीवर अंगठा काही क्षण दाबून धरला असता खड्डा पडतो, तो दिवसागणिक उथळ होत जातो. आठवडा-दहा दिवसांत सूज व वजन दोन्ही उतरतात.

ज्यांना हृदयविकार, मूत्रपिंडाचा वा यकृताचा आजार आहे, त्यांना मात्र वरील आश्वासन लागू नाही. हृदय दुर्बल असलेल्या रुग्णाचे वजन तीन दिवसांत दोन किलोंनी वाढले तर वारीचे कारण न सांगता डॉक्टरांकडे यावे. त्यांना डॉक्टरांनी लघवीची गोळी लिहून दिलेली असल्यास ती चालूच ठेवावी. आमचा आक्षेप चिठ्ठीवाचून घेतलेल्या गोळीला आहे. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल, तर खोल शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शक्यता असते. ती फुप्फुसात गेल्यास प्राणावर बेतते. उताणे झोपल्यावर धाप लागणे, रात्री श्वासासाठी उठून बसावे लागणे, सकाळी डोळ्यांभोवती सूज असणे, लघवी फेसाळ वा अत्यल्प होणे, यांपैकी काहीही असल्यास थांबू नये.

हे लिहिताना अहवाल वर्षातीलच दुसरे एक गृहस्थ डोळ्यांपुढे येतात. निवृत्त शिक्षक, वारीचा तीस वर्षांचा नेम. पायांची सूज तीन आठवडे टिकली तरी "वारीची आहे, उतरेल" असे म्हणत ते घरीच राहिले. खरे तर आमच्याच नोंदणी खिडकीवरील कर्मचाऱ्याने पहिल्या भेटीत त्यांना तेच सांगून, केसपेपर न काढता परत पाठवले होते. हेतू चांगला होता, रांग मोठी होती. पण चूक ती चूकच. ते पुन्हा आले ते रात्री, धाप लागलेल्या अवस्थेत, आणि हृदय मोठे झाल्याचे निदान झाले. अतिदक्षता विभागातून ते सुखरूप घरी गेले. त्यांची आम्ही भेट घेऊन क्षमा मागितली. सूज घेऊन येणाऱ्या कोणासही केसपेपर व डॉक्टरांची तपासणी यांवाचून परत पाठवू नये, असा लेखी आदेश त्यानंतर काढण्यात आला आहे.

आगामी आषाढीसाठी फिरत्या पथकाच्या साहित्यात दोन वजनकाटे, त्यांच्याखाली घालावयाच्या फळ्या व वारकऱ्यांना देण्यासाठी वजन-नोंदीची छोटी कार्डे यांची तरतूद अंदाजपत्रकात केली आहे. निघताना, वाखरीस आणि परतल्यावर अशा तीन नोंदी कार्डावर होतील. परतल्यावरची नोंद व तपासणी एकादशीनंतरचे पंधरा दिवस रुग्णालयात विनाशुल्क होईल. त्यासाठी निराळी खिडकी राहील व तेथे परिचारिका असेल. मनगट मोडलेल्या त्या भगिनींचे प्लास्टर निघाले आहे. पुढील वारीस जाण्यास डॉक्टरांनी त्यांना परवानगी दिली असून, पहिले कार्ड त्यांनी आमच्याकडून आताच मागून ठेवले आहे.